सोड म्हणेपर्यंत

डोक्याला मार लागलेल्या माणसाचं लिहिणं कितपत खरं धरायचं, ते वाचणाऱ्यानं आपापलं ठरवावं. मला ज्या दिवशी मार लागला, तो दिवस माझ्याकडं नाही. सकाळी डबा घेऊन निघालो, भाकरीवर ठेचा जास्त ठेवला म्हणून बायकोवर कुरकुरलो, एवढं आहे. त्यापुढं कोरं. म्हणजे ज्या प्रसंगाबद्दल लिहायला बसलोय, त्या प्रसंगाला मी हजर होतो आणि नव्हतोही.

लिहायला कारण झाली दौंडच्या आमच्या रेल्वे कॉलनीतली एक बाई. तिचा मुलगा गेल्या उन्हाळ्यात चिंचेवरून डोक्यावर पडला. दवाखान्यातून घरी आणल्यावर ती माझ्याकडं आली. "मेट, तुमी ह्यातनं गेलाय. त्याला निजवून ठिवू का धरून चालवू?"

"धरून चालव," मी म्हटलं.

"पर कोन धरल?"

एवढ्या साध्या प्रश्नावर मी गप्प झालो. ती बिचारी चहा घेऊन गेली. त्या गप्पपणाचं हे उत्तर, जरा लांबलेलं.

ओरडण्याचा पगार

मी रेल्वेत गँगचा मेट होतो. दौंडपासून पुण्याच्या बाजूला रुळाचा एक तुकडा आमच्या गँगकडं होता. रूळ सरळ ठेवायचे, खाली खडी ठोकायची. गाडीत बसणाऱ्याला वाटतं रूळ आपोआप सरळ राहतात. कुठले राहतात! गावकीच्या बैठकीसारखे ते रोज थोडे वाकडे होतात.

मेट म्हणजे गँगचा म्होरक्या. तो ओझ्याला हात लावत नाही. माणसं रुळाखाली पहारी घालून दाबतात, मेट वाकून, एक डोळा मिटून रुळाची रेघ बघतो आणि ओरडतो. सरकार मला ओरडण्याचा पगार देत होतं, आणि घरी येऊन मी तेच काम फुकट करत होतो, असं सुभद्रा म्हणायची. सुभद्रा म्हणजे माझी बायको.

ओरडण्यालाही चाल असते.

"साहेबाची टोपी—"

"हैशा!"

"वाऱ्यानं नेली—"

"हैशा!"

"शोधाया गेली—"

"हैशा!"

"सारी कचेरी—"

"हैशा!"

आणि रेघ जुळली की शेवटी एकच शब्द, "सोड!" सगळ्यांचे हात एकदम निघायचे. गँगमध्ये कायदा असा हा एकच. मेटनं 'सोड' म्हटल्याशिवाय पहारीवरचा हात काढायचा नाही. पायावरून विंचू गेला तरी नाही. रुळाचा सगळा भार पहारीवर आलेला असतो. हात निघाला की ती खेचराच्या लाथेसारखी उसळते.

सुभद्राचा धाकटा भाऊ किसन याच गँगमध्ये होता. शिरूरकडचा. दुष्काळात तो सरकारी कामावर खडी फोडत होता. म्हटलं, खडीचं शिक्षण झालंच आहे, रेल्वेची खडी वेगळी थोडीच असते. साहेबांच्या मागं लागून त्याला हंगामी म्हणून लावला. हंगामी म्हणजे आज आहे, उद्या साहेबाची मर्जी. कायम व्हायची त्याची पाळी अगदी तोंडावर आली होती. दिवसभर "दाजी, दाजी" करत मागं असायचा. मला दोन मुली, दोघी नांदायला गेलेल्या. किसनला मी मेव्हणा कमी आणि मुलगा जास्त धरत होतो.

आणखी एक सांगायला हवं. आमच्या घरात नवससायास नाहीत. दीक्षा घेतली तेव्हा माझ्या बापानं घरातले देव भीमा नदीत सोडले. तेव्हापासून अडचण आली की गाऱ्हाणं घालायला आमच्याकडं माणसंच. मी म्हणायचो, बरंय की, माणूस निदान ओ तरी देतो.

हा हात कुणाचा

डोळे उघडले तेव्हा मी पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात होतो, डोक्याला लग्नातल्यासारखं मुंडासं. एकाची दोन माणसं दिसत होती. सुभद्रा दोन दिसल्यावर मी पुन्हा डोळे मिटून घेतले. एकीशीच आयुष्यभर निभावणं जड गेलेलं.

छातीवर कुणाचा तरी जड हात होता.

"किसन, हात काढ रं."

"दाजी, माजा न्हाई."

"मग कुनाचा हाय?"

"तुमचाच हाय, दाजी."

मला काही पटेना. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचा असेल म्हणून मी त्याच्यावर खेकसलो. शेवटी सुभद्रानं तो हात उचलून माझ्या तोंडासमोर धरला. त्यावर माझं नाव गोंदलेलं होतं, सदाशिव. तेव्हा मानलं. नाव माझं होतं, हात मात्र पाहुणा.

डॉक्टर म्हणाले, मार डोक्याच्या उजव्या बाजूला आहे, म्हणून अंगाची डावी बाजू गेली. हे मला लगेच समजलं. रेल्वेतही केबिनमध्ये दांडा इकडं ओढतात आणि सिग्नल तिकडं पडतो.

"मला झालं काय?" मी विचारलं.

"खडीवरनं पाय घसरला तुमचा," सुभद्रा म्हणाली. "डोस्कं रुळावर आपटलं."

मी हसलो. अर्धंच तोंड हसलं. "मेट आन् खडीवरनं घसरला? आता गँगला तोंड कसं दावू?"

सुभद्राही हसली. किसन खाली बघत होता. मला वाटलं, माझी दशा त्याला बघवत नाही.

मग चौकशीला साहेब आले. खाटेशी उभं राहून त्यांनी विचारलं, "सदाशिव, काय झालं होतं?" मी सुभद्राकडं बघितलं. ती म्हणाली, "सांगा की, पाय घसरला म्हून." मी सांगितलं. वर मेटचा मोठेपणा म्हणून जोडलं, "गँगमधल्या कुणाचीच चूक नाही साहेब. माझीच." उजवा हात चालत होता, त्यानं सही केली.

साहेब गेल्यावर किसन माझे पाय दाबायला बसला. त्याच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या डाव्या पायावर पडलं. ते मला दिसलं. लागलं नाही.

तालीम

दवाखान्याच्या तळघरात व्यायामाची खोली होती. दोन समांतर दांड्या, भिंतीला एक मोठं चाक, वाळूच्या पिशव्या, माणसाएवढा आरसा. आम्ही पेशंट तिला तालीम म्हणायचो. तालमीच्या वस्ताद होत्या देवधरबाई. माझ्या थोरल्या लेकीच्या वयाच्या, पण आवाज माझ्यापेक्षा मोठा. एका ओरडणाऱ्याला दुसरा लगेच ओळखू येतो.

ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांना सांगतो, पहिली लढाई चालण्याची नसते, बसण्याची असते. बसणं मी जन्मभर केलं, पण त्यात काही कला आहे असं मला कधी कळलं नव्हतं. खाटेच्या कडेला बसवलं की मी भिजलेल्या गोणीसारखा डावीकडं कलंडायचो, आणि मला वाटायचं मी ताठ आहे. बाई आरसा पुढं आणायच्या.

"बघा, मेट. रेघ सरळ आहे का?"

"नाही, बाई."

"मग करा सरळ. तुमचाच धंदा आहे."

मग उभं राहणं. डाव्या पायावर भार टाका, त्या सांगायच्या. तो पाय आपला नाहीच, त्याच्यावर भार कसा टाकायचा? परक्याच्या भरवशावर कोण उभं राहतं? गुडघा मुडपायचा, पाऊल फरफटायचं. बाई "एक, दोन, एक, दोन" मोजायच्या. पाय शाळेतल्या ढ पोरासारखा ऐकून घ्यायचा आणि काही करायचा नाही.

एकदा मी वैतागून म्हटलं, "बाई, गप बसा जरा." दांड्यांत उभा राहिलो, श्वास भरला आणि ओरडलो, "साहेबाची टोपी—"

दुसऱ्या टोकाला किसन उभा होता. सवयीनं त्याच्या तोंडातून निघालं, "हैशा!"

पाय उचलला गेला. फरफटला नाही, उचलला गेला. सगळी तालीम बघायला लागली. "वाऱ्यानं नेली—" म्हटलं तर वाळूची पिशवी उचलणारा म्हाताराही "हैशा" म्हणाला. बाई हसत म्हणाल्या, "साहेबाच्या जागी दुसरं कुणीतरी घ्या हो, आमचे साहेब बरोबर वरच्याच मजल्यावर बसतात." पण त्यानंतर त्यांनी एक-दोन मोजणं बंद केलं.

त्यांच्याकडं कॅनव्हासचा एक रुंद पट्टा होता. तो कमरेला बांधून त्या मागून धरायच्या. "सोडणार नाही ना?" मी दर वेळी विचारायचो. "नाही," त्या म्हणायच्या. एक दिवस दांड्यांच्या शेवटाला पोचून वळलो, तर बाई पार सुरुवातीला, हाताची घडी घालून उभ्या.

"तुम्ही फसवलंत मला!"

"हो," त्या म्हणाल्या. "सांगितलं असतं तर पडला असता."

मी दिवसभर त्यांच्याशी बोललो नाही. त्या दिवशी मला वाटलं होतं, याहून मोठी फसवणूक काही आपल्या वाट्याला येत नाही. डोकं फुटलेला माणूस असा भोळा असतो.

घरी सोडायची वेळ आली तेव्हा बाईंनी पट्टा बरोबर दिला आणि तो कसा धरायचा ते किसनला शिकवलं. "तुम्ही मात्र सोडायचं नाही हं. घामानं हात निसटतो, आधी पुसून घेत जा." किसन पांढराफटक पडला. धोतराला हात पुसले, पुन्हा पुसले, पुन्हा पुसले. मी म्हटलं, "आरं, दाजीला धरायचं हाय, दागिन्याला न्हवं."

शेळी आणि टोपी

दवाखान्यातून मला शिरूरला नेलं, सुभद्राच्या माहेरी. तिथं अंगण सपाट, धरायला माणसं भरपूर. किसननं रजा टाकली होती. रोज संध्याकाळी पट्टा बांधून तो मला घोड नदीच्या काठानं चालवायचा. असा मेव्हणा कुणाला मिळत नाही, असं मी भेटेल त्याला सांगायचो. तो कायम झाल्याची बातमी तिथंच आली. मी पेढा खाल्ला, उजव्या गालानं.

बघायला येणाऱ्यांना मी माझ्या पडण्याची गोष्ट सांगायचो. मला गोष्टी सांगायची खोड जुनीच. डोक्याला मार लागूनही नेमकी तीच शाबूत राहिली. आधी मी नुसताच घसरायचो. पण नुसतं घसरण्यात काही राम नाही. म्हणून एक शेळी आणली. शेळी रुळावर येते, मेट तिला हाकलायला धावतो आणि आडवा होतो. पुढं त्या शेळीच्या तोंडात साहेबाची टोपी दिली. मग तर बसलेली माणसं आडवी व्हायची. सासूबाई पदर डोळ्याला लावायच्या. पोरं म्हणायची, "मामा, शेळीचं पुन्यांदा सांगा." शेळी आली की किसन पाणी आणायला उठायचा. मला वाटायचं, ऐकून ऐकून कंटाळला असेल.

आबा हसले नाहीत

दौंडला चाळीतल्या घरी परत आल्यावर लक्ष्मणआबा भेटायला आले. गँगमधले सगळ्यात जुने. माझ्या अपघाताच्या वेळीच त्यांची नोकरी संपली आणि ते भांडगावला आपल्या शेतावर गेले, ते आत्ताच उगवत होते. येताना वांगी घेऊन आले.

"जय भीम, मेट! उभं ऱ्हायलात की!"

मी खरंच उभा होतो. कमरेला पट्टा, मागं किसन. आमचं चालणं सुरू व्हायचं होतं. नवा ऐकणारा मिळाल्यावर मी कसला थांबतो. उभ्या उभ्या गोष्ट सुरू केली. शेळी आली, टोपी आली, मी आडवा झालो. दारातली दोन माणसं हसली.

आबा हसले नाहीत. ते सुभद्राकडं वळून हळूच म्हणाले, "डोस्क्याचं आजून ठीक न्हाई का गं?"

"ठीक हाय की, आबा," मी म्हटलं. "का वो?"

"न्हाई, शेळी कुठली? आन् तुमी घसरला कवा? पहार उसळली न्हवं का! तुमी रेघ बघाया वाकला हुता, आन् किसन्यानं..."

ते थांबले. सुभद्रानं हातातल्या कपबश्या खाली ठेवल्या.

"बोला, आबा."

"मला वाटलं तुमास्नी ठावं हाय. म्या तर लगीच गावाकडं गेलो. मागनं हितं काय ठरलं, काय बोलायचं न्हाई, मला कोन सांगतंय?"

"किसननं काय केलं?"

उत्तर माझ्या पाठीमागून आलं. "घाम आला, दाजी. डोळ्यात गेला. पुसाया येक हात काढला."

"मी 'सोड' म्हनलं हुतं?"

"न्हाई."

पट्टा त्याच्या हातातच होता. माझा सगळा भार त्या पट्ट्यावर होता.

"हात काढ," मी म्हटलं.

त्यानं काढला, आणि मी होतो तिथंच खाली बसलो. पडलो म्हणा. आबा वांग्यांची पिशवी तशीच टाकून मला उचलायला धावले. किसन धावला नाही. मी हात काढ म्हटलं होतं ना.

वाचलो, ही माझी चूक

दुसऱ्या दिवशी सुभद्रा तांदूळ निवडत बसली होती. मी भिंतीला टेकून होतो.

"समद्यांना ठावं हुतं?"

"व्हय."

"गँगला?"

"व्हय."

"तुज्या आईला?"

ती खडा शोधत राहिली. "व्हय."

"आन् ती हसत हुती. पदर डोळ्याला लावून."

"हसत न्हवती ती."

मग ताटातले तांदूळ इकडून तिकडं गेले.

"डाक्टर म्हनले हुते, ह्यांचं काय खरं न्हाई, मानसं बोलवून घ्या," ती म्हणाली. "तुमी गेल्यातच जमा हुता. मंग किसन्याची बी नोकरी घालवायची? त्याची एवढाली लेकरं. म्याच समद्यांच्या पाया पडले. म्हनलं, जानारं मानूस जाईल, ऱ्हानाऱ्याचं तरी बघा. आन् मंग तुमी डोळं उघडलं."

"चुकलंच माजं."

"आवं, आसं काय वंगाळ बोलता!"

"डोळं उघडल्यावर तरी सांगायचं."

"सांगनार हुते. त्येवढ्यात तुमी हसला. मेट आन् खडीवरनं घसरला म्हून. तुमी हसला, आन् त्या दिशी मला दवाखान्यात आल्यापास्नं पयल्यांदा घास ग्वाड लागला. मंग सांगू कसं?"

मी आणि ती सारख्याच अर्ध्या भाकरीवर वाढलेलो; तिनं मला मेलेला धरून हिशेब केला, याचं वाईट वाटत नाही. डॉक्टरांनीही तोच केला होता. पण माझ्या डोक्यात एक खोली रिकामी पडली, आणि मी शुद्धीवर यायच्या आत तिथं यांनी आपला भाडेकरू घातला. साहेबांपुढं माझ्याच तोंडानं माझी चूक वदवून घेतली. ज्याला खडीवर नीट उभं राहता येत नाही तो कसला मेट, असं म्हणून माझी जागा दुसऱ्याला गेली. आणि मी काय केलं? त्या खोटेपणाला रंग दिला, त्याच्या दारात शेळी बांधली आणि गावाला बोलावून दाखवलं. हसणाऱ्यांत एकटा मीच खराखुरा हसत होतो. हे मला पहारीपेक्षा जास्त लागलं.

पाय मागं गेला

किसनला मी दार बंद केलं. मग मला धरणार कोण? सुभद्रा धरायची, पण तिचा जीव केवढा. मी कलंडलो की आम्ही दोघं मिळून कलंडायचो. शेजारचा पॉइंट्समन धरायचा, तो पोतं धरल्यासारखा. मी दोनदा आपटलो. पाऊल पुन्हा फरफटायला लागलं, डाव्या हाताची मूठ पुन्हा आवळली गेली. 'साहेबाची टोपी' म्हणावंसंही वाटेना. मागून 'हैशा' म्हणणारं कुणी नसेल तर ते नुसतंच वेड्यानं बरळणं.

रेल्वेच्या डॉक्टरांनी तपासणीला बोलावलं होतं. आपल्या पायांनी चालून दाखवलं तर फाटकावर गेटमनची नोकरी. नाहीतर घरी बसायचं, आणि रेल्वेचं घर रिकामं करायचं. म्हणजे घरी बसायलाही घर नाही.

पुण्याला तालमीत गेलो. देवधरबाईंनी मला चार पावलं चालवलं आणि थांबवलं.

"पाय मागं गेलाय तुमचा. काय झालं?"

मी सांगितलं. सगळं, शेळीसकट. त्या दांडीला टेकून ऐकत राहिल्या.

"तुम्हालाही ठाऊक होतं?" मी विचारलं.

"नाही. मी पट्टा सोडला होता, तेवढीच माझी चोरी."

"आता काय करू, बाई?"

"यावर माझ्याकडं व्यायाम नाही, मेट," त्या म्हणाल्या. "पायापुरतं सांगते. तुम्हाला चांगला धरणारा हवा, आणि आजच हवा. नाहीतर हा पाय असाच राहील."

येताना गाडीत मी तेच घोळवत होतो. चांगला धरणारा. मी कुठल्या बाजूला जाणार हे किसनला माझ्या आधी कळायचं. गुडघा मुडपायच्या आत पट्ट्याला ताण यायचा. तसं धरणं दुसऱ्या कुणालाच आलं नाही. ते त्याला कशामुळं आलं हे आता मला ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही माझा पाय त्यालाच मागत होता. अंगाचा अर्धा भाग आधीच माझं ऐकत नव्हता. त्या दिवशी तोही फितूर निघाला.

पट्टा

सुभद्राला म्हटलं, "बोलीव तुज्या भावाला."

तो चाळीच्या तोंडाशी उभा राहिला, आत येईना. मी दारात आलो, भिंत धरून. डबे घेऊन परतलेली गँग नळावर हात-पाय धूत होती. बरं झालं, म्हटलं, सगळे आहेत.

"पट्टा बांध."

त्यानं बांधला.

"कायदा म्हाईत हाय न्हवं?"

"व्हय, दाजी."

"काय?"

"तुमी म्हनाल तवाच सोडायचं."

"घाम आला तर?"

"यिऊ दे."

"डोळ्यात गेला तर?"

"जाऊ दे."

"साहेब आला तर?"

"यिऊ दे, दाजी."

मी श्वास भरला. "साहेबाची टोपी—"

नळाचं पाणी तेवढं वाहत होतं.

"साहेबाची टोपी—"

"हैशा," तो म्हणाला. जिला हैशा म्हणवत नाही, अशी 'हैशा' मी आधी कधी ऐकली नव्हती. पण पाय उचलला गेला. आम्ही चाळीच्या एका टोकापासून निघालो. पोरं हसत मागं लागली. मग आया त्यांना घरात ओढायला लागल्या. नळावरची माणसं बाजूला सरली. त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मी प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत बघत चाललो.

शेवटच्या घराशी पोचलो. भार उतरला की मेट जिथं तो शब्द म्हणतो, ती ही जागा. किसन थांबला. मीही थांबलो. त्याच्या कपाळावरचा घाम माझ्या मानेवर पडला, उजव्या बाजूला. हे पाणी लागलं. त्याचे दोन्ही हात पट्ट्यावर होते, डोळे चुरचुरत असणार.

मी काही न म्हणता वळलो आणि पुन्हा चालायला लागलो.

याला आता बरेच दिवस झाले. तपासणीत मी पास झालो. फाटकावर गेटमन आहे. हिरवं निशाण उजव्या हातानं दाखवतो, डाव्या हातानं चहाचा कप धरता येतो, अर्धा भरलेला असेल तर. किसनची तक्रार मी साहेबांकडं केली नाही. शिरूरला मात्र पुन्हा गेलो नाही. शेळीची गोष्टही सांगत नाही. कुणी मागितलीच तर म्हणतो, शेळी मेली.

चिंचेवरून पडलेल्या त्या मुलाच्या आईला आता मी सांगू शकेन. धरायला कुणालाही बोलव, पण मुलाला खरं सांग. पडला असेल तर पडला म्हण, कुणी ढकललं असेल तर ढकललं म्हण. डोकं फुटलेल्या माणसाला खोटं फार लवकर चिकटतं, आणि ते सोडवायला कुठल्या तालमीत व्यायाम नाही.

मी एकटा चालू शकतो. देवधरबाईंनी पट्टा गुंडाळून कपाटात ठेवायला सांगितलं, त्यालाही आता महिने लोटले. तरी संध्याकाळी ड्यूटी संपली की किसन येतो. मी पट्टा पुढं करतो, तो बांधतो, आणि चाळीपासून फाटकापर्यंत आम्ही जातो. तो पुढं असतो तेव्हा कायम नोकरीतला, मिशीला पीळ भरलेला गडी. मागं आला की निमूट. कधी विचारत नाही.

परवा सुभद्रा दारात उभी होती. म्हणाली, "आवं, म्हना की आता. किती दिस धरायचं त्यानं?"

"काय म्हनू?"

"त्यो शब्द. मेट म्हनतो त्यो."

"आठवत न्हाई," मी म्हटलं. "डोस्क्याला मार लागलाय न्हवं का."

मागं किसननं पट्टा जरा आवळून धरला.